परदेशात सायकल बिघडली तर?



आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून आज कोणाचा काका जर्मनीत, कोणाची ताई हॉलंडमध्ये, तर कोणाचा मामेभाऊ सिंगापूरला असतो. सुट्टीत त्यांच्याकडे गेले की चार दिवस सायकलने भटकून यायचा बेत आता बऱ्याच घरांत होतो. युरोपात नदीकाठाने सायकलीसाठी वेगळे रस्ते आहेत. डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंतचा सुमारे ३२० किलोमीटरचा रस्ता तर लहान मुलांना घेऊनही लोक पार करतात. व्हिएतनाम, श्रीलंका, नेपाळ इथेही सायकलने हिंडणारे पुष्कळ.

अशा सहलीच्या तयारीत कपडे, औषधे, पासपोर्ट यांची यादी होते. सायकल बिघडली तर काय करायचे, हा प्रश्न मात्र रस्त्यात चाक बसल्यावरच आठवतो. त्या प्रश्नाचे उत्तर आधीच शोधून ठेवावे म्हणून हा पाठ आम्ही तयार केला आहे. यात थोडे गणित आहे, थोडा इतिहास आहे आणि हाताने करून पाहायच्या गोष्टी बऱ्याच आहेत.

१. अडचण नेमकी कुठे येते?

इंदूरमध्ये सायकल पंक्चर झाली तर आपण ती ढकलत कोपऱ्यावरच्या भैयाकडे नेतो. तो चाकाकडे नुसते पाहून ट्यूब काढतो, पाण्याच्या घमेल्यात बुडवतो, बुडबुडे कुठून येतात ते बघतो आणि पंक्चर काढून देतो. टायर बदलायचा असेल तर आपण ‘टायर द्या’ एवढेच म्हणतो. कोणत्या मापाचा, हे त्यालाच ठाऊक असते. आपल्या सायकलीची सगळी माहिती जणू त्याच्या डोक्यात जमा असते.

परदेशात हा भैया आपल्याबरोबर नसतो. दुकान असते, दुकानात माल असतो, दुकानदार भलाही असतो. पण तो विचारतो, “कोणते माप?” आणि आपण गप्प राहतो. भाषेची अडचण त्यानंतरची. आधीची अडचण ही, की आपल्या सायकलीत काय बसवलेले आहे हे आपल्यालाच माहीत नसते. बिघाड हा प्रवासात होणारच. पण जो आपल्या सायकलीची मापे सांगू शकतो, त्याचा बिघाड सहसा एका दुपारीत मिटतो. ज्याला ती सांगता येत नाहीत, त्याची सहल तिथेच थांबू शकते. या पाठातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा.

२. आपल्याकडचे जगप्रवासी

सायकलने परदेशी जाण्याची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने जगाच्या प्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी प्रवास पूर्ण केला आणि मार्च १९२८ मध्ये ते मुंबईला परतले. सुमारे ४४,००० मैल, म्हणजे जवळजवळ ७१,००० किलोमीटर अंतर त्यांनी कापले. इराणचे वैराण प्रदेश, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असा त्यांचा मार्ग होता. मोबाइल नव्हता, घरून पार्सल मागवावे तर ते आगबोटीने येणार. अशा प्रवासात पंक्चर काढणे, चाक सरळ करणे ही कामे रोजच्या जेवणाइतकीच नेहमीची असणार, हे सांगायला नको.

अलीकडचे उदाहरण पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिचे. २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, तिने १४ देशांतून सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवली. तिला १५९ दिवस लागले. बहुतेक प्रवास तिने एकटीने आणि बरोबर मदतीची गाडी न घेता केला. याउलट अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत पाहा. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती २०१५ साली दोघांच्या संघात पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ती एकट्याने पुरी केली. या शर्यतीत सायकलस्वारामागे मदतनीसांची गाडी असते. तिच्यात जादा चाके, सुटे भाग आणि दुरुस्ती करणारी माणसे असतात.

आपण सुट्टीत सायकलने फिरायला जातो तेव्हा आपल्यामागे अशी गाडी नसते. म्हणजे आपली तयारी महाजन बंधूंच्यासारखी नव्हे, वेदांगीसारखी हवी. अंतर कमी असेल, पण रस्त्यात चाक बसले तर उतरून पाहणारे आपणच.

३. टायरचे गणित

आता आपल्या सायकलीजवळ जाऊन टायरची बाजू निरखून पाहा. तिथे रबरावर उठावाने काही आकडे लिहिलेले असतात. आपल्याकडच्या काळ्या, उंच, दुधाचे कॅन वाहणाऱ्या सायकलीवर ‘२८ × १½’ असे लिहिलेले असते. मुलांच्या जाड टायरच्या सायकलीवर ‘२६ × १.७५’ किंवा ‘२६ × २.१०’ असे काहीसे असते. हे इंचांचे माप आहे. पहिला आकडा चाकाच्या बाहेरच्या व्यासाचा आणि दुसरा टायरच्या जाडीचा.

गणिताच्या तासाला कोणीही सांगेल की १¾ आणि १.७५ या एकच संख्या आहेत. सायकलच्या दुकानात मात्र त्या एक नाहीत! ‘२६ × १¾’ लिहिलेला टायर ‘२६ × १.७५’ च्या रिमवर चढत नाही. यात गणिताचा दोष नाही. मापाला नाव देण्याच्या जुन्या पद्धतीमुळे हा घोटाळा झाला आहे.

पूर्वी चाकाचे माप हवा भरलेल्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून घेत असत. २६ इंच म्हणजे सुमारे ६६० मिलिमीटर. पण टायर जाड असेल तर आतली रिम लहान करावी लागते आणि टायर बारीक असेल तर रिम मोठी, तरच बाहेरचा व्यास ६६० येतो. बघा:

५९० मिमीची रिम + दोन्ही बाजूंना ३५ मिमीचा टायर = ६६०
५८४ मिमीची रिम + दोन्ही बाजूंना ३८ मिमीचा टायर = ६६०
५७१ मिमीची रिम + दोन्ही बाजूंना सुमारे ४४ मिमीचा टायर = ६५९
५५९ मिमीची रिम + दोन्ही बाजूंना सुमारे ५० मिमीचा टायर = ६५९

चारही चाकांना लोक ‘सव्वीस’च म्हणत आले. पहिल्याचे नाव २६ × १⅜, दुसऱ्याचे २६ × १½, तिसऱ्याचे २६ × १¾ आणि चौथ्याचे २६ × १.७५, २६ × २.१० वगैरे. पण यांतला एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. ‘अठ्ठावीस’चेही तसेच. आपल्या उंच काळ्या सायकलीची रिम ६३५ मिमीची. हल्ली शहरात दिसणाऱ्या बारीक टायरच्या गिअरच्या सायकलीची रिम ६२२ मिमीची. फ्रान्समध्ये तर इंचांऐवजी मिलिमीटर आणि अक्षरे वापरत. तिकडे ६३५ च्या रिमला ‘७०० बी’ आणि ६२२ च्या रिमला ‘७०० सी’ म्हणत. यांतले ‘७०० सी’ हे नाव आज जगभर चालते.

हा गोंधळ मिटवण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरवले गेले. त्याप्रमाणे टायरवर ‘३७-६२२’ किंवा ‘४०-६३५’ असा जोड आकडा छापतात. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास, तोही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. पहिला थोडा कमी-जास्त झाला तरी चालतो, फक्त टायर चिमट्याला किंवा मडगार्डला घासता कामा नये.

हा जोड आकडा जपान, जर्मनी, ब्राझील सगळीकडे एकच अर्थ सांगतो. कागदावर ‘३७-६२२’ लिहून दुकानदारापुढे धरा. एक शब्दही न बोलता हवा तो टायर मिळेल.

एक गंमतही सांगतो. आपल्या दूधवाल्याच्या सायकलीचे ६३५ चे माप हॉलंडमधल्या पारंपरिक उंच सायकलींनाही असते. त्यामुळे तो टायर अ‍ॅमस्टरडॅमला मिळू शकतो. अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावात मात्र तो मिळणे कठीण. उलट पूर्वीच्या प्रवाशांचा सल्ला असे की, दूर देशी जायचे तर ५५९ ची ‘सव्वीस’ सायकल न्यावी, कारण तिचे टायर कुठेही मिळतात. २०१० नंतर मात्र नव्या डोंगरी सायकली मुख्यतः ५८४ आणि ६२२ या मापांत येऊ लागल्या. आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका इथल्या बाजारांत ५५९ अजून सहज मिळतो, पण युरोपातल्या दुकानात चांगला ५५९ टायर हवा तर निवड कमी झाली आहे. म्हणून ‘कोणते माप सर्वांत चांगले?’ असा प्रश्न विचारू नये. ‘आपण जिथे जाणार तिथले लोक कोणती सायकल चालवतात?’ असा विचारावा.

४. हवेचे तोंड

ट्यूबच्या व्हॉल्व्हचे मुख्य तीन प्रकार आहेत.

पहिला आपल्या साध्या सायकलीचा, डनलॉप पद्धतीचा. त्यात आत बारीक रबरी नळी असते, तिला आपल्याकडे ‘वाल ट्यूब’ म्हणतात. हॉलंड, जर्मनी आणि जपान इथल्या साध्या शहरी सायकलींना या घराण्याचे व्हॉल्व्ह पुष्कळ असतात.

दुसरा मोटारसायकलला असतो तो, श्रेडर पद्धतीचा. यात पेट्रोलपंपावर हवा भरता येते. जिथे सायकलचे दुकान नाही पण मोटारसायकली आहेत, अशा ठिकाणी हा सर्वांत सोयीचा.

तिसरा बारीक, लांब आणि टोकाला छोटी पितळी चकती फिरवायची असलेला, प्रेस्टा पद्धतीचा. बारीक टायरच्या महाग सायकलींना हा असतो. याला पेट्रोलपंपाची नळी थेट बसत नाही. मध्ये अंगठ्याच्या नखाएवढा पितळी जोड लावावा लागतो. तो अगदी स्वस्त असतो, पण आडगावी मिळत नाही. म्हणून प्रेस्टावाल्यांनी एक जोड खिशात ठेवावाच.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी: प्रेस्टासाठी रिमला सुमारे साडेसहा मिमीचे भोक असते, बाकी दोघांसाठी आठ मिमीहून थोडे मोठे. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व्ह वेळ मारून नेण्यापुरता बसवता येतो. लहान भोकात जाड व्हॉल्व्ह जाणारच नाही.

हवेचा दाब आपण ‘पाउंडा’त सांगतो, युरोपात तो ‘बार’मध्ये सांगतात. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पाउंड. टायरवर ६० पाउंड लिहिले असेल तर तिथल्या पंपावर काटा ४ बारच्या किंचित पुढे न्यायचा. पंपाच्या तबकडीवर ६० शोधत बसू नका!

५. चेन, स्पोक आणि ब्रेक

चेन: सायकलीच्या चेनच्या दोन पिनांमधले अंतर जगभर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी असते. फरक असतो तो रुंदीत. मागे जितक्या जास्त चकत्या, तितकी चेन अरुंद. ६, ७ आणि ८ चकत्यांना सहसा एकच चेन चालते. ९, १०, ११, १२ चकत्यांना प्रत्येकी वेगळी लागते. लहान गावातल्या दुकानात ८ चकत्यांपर्यंतची चेन मिळण्याचा संभव जास्त. म्हणून लांबच्या प्रवासाला कमी चकत्यांची सायकल ही गरिबाची नव्हे, शहाण्याची निवड ठरते.

चेन झिजली की नाही हे १२ इंची फूटपट्टीने कळते. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. नवी चेन असेल तर १२ इंचांच्या खुणेवर बरोबर पिनेचा मध्य येतो. तो १२⅛ इंचांवर गेला असेल तर चेन बदलायला झाली. ही तपासणी निघण्यापूर्वी घरीच करावी.

स्पोक: आपल्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० स्पोक असतात. मोजून पाहा. नव्या सायकलींत दोन्हीकडे ३२ किंवा ३६ असणे नेहमीचे. स्पोकची लांबी प्रत्येक चाकाला वेगळी असते. गिअरच्या मागच्या चाकात तर डाव्या आणि उजव्या बाजूचे स्पोकही सहसा वेगळ्या लांबीचे असतात. दोन-तीन मिलिमीटरने चूक झाली तरी स्पोक नीट ताणला जात नाही. त्यामुळे प्रत्येक लांबीचे दोन-दोन स्पोक बरोबर घेऊन ते दांड्याला चिकटपट्टीने बांधून न्यावेत. वजन काहीच नाही आणि वेळेला मोलाचे.

भाषेची एक गंमत इथे येते. स्पोकला फ्रेंच भाषेत ‘रेयाँ’ आणि स्पॅनिशमध्ये ‘रादियो’ म्हणतात. या दोन्ही शब्दांचा दुसरा अर्थ भूमितीतली त्रिज्या असा आहे. त्रिज्या म्हणजे मध्यापासून परिघापर्यंतची रेघ, हे ज्याला कळले त्याला हा शब्द पाठ करावा लागत नाही.

ब्रेक: रबरी गुटक्यांचे ब्रेक असतील तर गुटका आणि तार जवळजवळ कुठेही मिळते. डिस्क ब्रेकचे पॅड मात्र शेकडो आकारांचे असतात. आपल्या ब्रेकचे पॅड एक-दोन जोड बरोबर घ्यावेत. तेलावर चालणारा डिस्क ब्रेक असेल तर त्यात कोणते तेल आहे ते लिहून ठेवावे. काही ब्रेकांत खनिज तेल असते, काहींत मोटारीच्या ब्रेकचे. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतली रबरे खराब होतात आणि ब्रेक निकामी होतो. हा पैशाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

गिअरचा हँगर: मागचा गिअर सांगाड्याला जिथे अडकवतात तिथे एक छोटा धातूचा तुकडा असतो. सायकल आपटली तर सांगाडा वाचावा म्हणून हा मुद्दाम मऊ केलेला असतो आणि वाकतो किंवा तुटतो. त्याचा आकार बहुतेक सायकलींत मॉडेलप्रमाणे बदलतो. जगातल्या मोठ्या दुकानातही तो मिळेल याची खात्री नाही. सगळ्या यादीतला एकच भाग घरून न्यायचा ठरला तर हा न्यावा.

पेडल: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की सुटते. सायकल विमानात नेताना पेडल काढावे लागते, तेव्हा हे आठवावे. नाहीतर काढायच्या नादात ते आणखी घट्ट होते.

६. निघण्यापूर्वी: सायकलीचे ओळखपत्र

आपल्या गळ्यात शाळेचे ओळखपत्र असते, तसे सायकलीचेही करा. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पुढील गोष्टी लिहा आणि हँडलच्या पिशवीत ठेवा. मोबाइलमध्ये त्याचा फोटोही काढून ठेवा.

• टायरवरचा जोड आकडा (उदा. ३७-६२२)
• व्हॉल्व्हचा प्रकार
• मागच्या चकत्यांची संख्या
• पुढच्या व मागच्या स्पोकची संख्या आणि लांबी
• ब्रेकचा प्रकार, पॅडचा क्रमांक, तेल
• सायकलीची कंपनी, मॉडेल आणि सांगाड्यावर कोरलेला नंबर

बरोबर घ्यायच्या वस्तू: दोन ट्यूब, पंक्चरचे ठिगळ, टायर काढायच्या दोन-तीन पट्ट्या, छोटा पंप, षट्कोनी चाव्यांचा जुडगा, चेन तोडायचे हत्यार आणि चेन जोडायची एक कडी, स्पोकची चावी, ब्रेकची आणि गिअरची एकेक तार, चिकटपट्टी आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा. या तुकड्याचे काम पुढे सांगतो.

विमानाने जाताना पाने, चाव्या ही हत्यारे मोठ्या सामानात द्यावीत, हातातल्या पिशवीत ठेवू नयेत. पंक्चरचे सोल्यूशन पेट घेणारे असल्याने ते घरून न नेता तिथे पोहोचल्यावर घ्यावे.

पालकांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. चार-सहा दिवसांची सहल असेल तर सायकल इथून न नेता तिथेच भाड्याने घेणे पुष्कळदा सोपे पडते. तिथली सायकल म्हणजे तिचे सुटे भागही तिथलेच. पण भाडे ठरवतानाच विचारून घ्यावे: रस्त्यात पंक्चर झाले तर कोण काढणार? खर्च कोणाचा? फोन कोणत्या नंबरावर करायचा? बरोबर जादा ट्यूब आणि पंप देता का? हे प्रश्न दुकानातच विचारायचे, तीस किलोमीटरवर जाऊन नाही.

७. तिथे दुकान शोधताना

इंदूरमध्ये रविवारी सकाळीही कोणीतरी पंक्चरवाला सापडतो. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. फ्रान्समध्ये सायकलची बरीच दुकाने रविवारबरोबर सोमवारीही बंद असतात. स्पेनमध्ये दुपारी दोन-तीन तास दुकाने मिटतात. म्हणून काही कुरकुरत असेल तर ते शनिवारी सकाळीच दाखवून घ्यावे. ‘उद्या बघू’ म्हटले तर तो उद्या मंगळवारी उजाडू शकतो.

युरोपात माणसाचे श्रम महाग असतात. आपल्याकडे चहा होईपर्यंत चाकाचा आऊट काढून मिळतो, तिकडे त्यासाठी वेळ घ्यावी लागते आणि मजुरी भागाच्या किमतीहून जास्तही असते. काम सांगण्याआधी किती पैसे होतील ते विचारावे. यात संकोच नाही, तिथली तीच रीत आहे. आपण प्रवासी आहोत आणि संध्याकाळपर्यंत पुढच्या गावी जायचे आहे, हे नम्रपणे सांगितले तर अनेक दुकानदार रांगेतून आपले काम आधी करून देतात.

कुठे पाहावे? पहिली जागा रेल्वे स्टेशन. हॉलंड आणि जर्मनीत मोठ्या स्टेशनांजवळ सायकल ठेवायच्या जागा असतात आणि पुष्कळदा तिथेच दुरुस्तीही होते. उट्रेख्त स्टेशनाखालची जागा २०१९ मध्ये पूर्ण झाली. तीत सुमारे १२,५०० सायकली मावतात आणि दुरुस्तीचे दुकानही आहे. दुसरी जागा, सायकलमार्गाच्या कडेचे दुरुस्तीचे खांब. त्यांना पाने आणि पंप साखळीने अडकवलेले असतात आणि ते कोणीही फुकट वापरावेत. तिसरी जागा म्हणजे ‘रिपेअर कॅफे’. २००९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये मार्टिने पोस्टमा यांनी हा उपक्रम सुरू केला आणि तो अनेक देशांत पसरला. ठरलेल्या दिवशी गावातले जाणकार लोक एकत्र बसतात आणि घरातल्या बिघडलेल्या वस्तू, सायकलीसुद्धा, मालकाला बरोबर घेऊन दुरुस्त करतात.

बोलण्यासाठी चार शब्द पुरतात. जर्मनीत ट्यूब म्हणजे ‘श्लाउख’, टायर म्हणजे ‘राइफेन’, चेन म्हणजे ‘केटे’, स्पोक म्हणजे ‘श्पाइखे’. शब्द आठवला नाही तर मोडलेला भाग काढून हातात धरावा. तुटलेली वस्तू नवी मिळेपर्यंत कधीही फेकू नये. नमुना म्हणून तिच्यासारखी दुसरी गोष्ट नाही.

८. दुकानच नसेल तिथे

आशिया आणि आफ्रिकेत जिथे सायकल हे पोटापाण्याचे साधन आहे, तिथे दुरुस्ती करणारा माणूस नक्की असतो. केनिया आणि युगांडा यांच्या सीमेवर माणसे वाहून नेणाऱ्या सायकली होत्या. त्यांवरूनच ‘बोडा-बोडा’ हे नाव निघाले, पुढे ते मोटारसायकलींना लागले. अशा गावांत आपल्या गिअरचा भाग मिळणार नाही, पण वाकलेले सरळ करणारा, तुटलेले जोडणारा हात मिळेल. त्या कारागिराशी आपल्या भैयाशी बोलतो तशाच आदराने बोलावे. नवी वस्तू न घालता जुनी चालती करण्याची विद्या त्याच्याकडे असते.

कोणीच भेटले नाही तर पुढील उपाय करावेत. ते पुढच्या गावापर्यंत पोहोचवतात.

• टायर फाटला असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावून ट्यूब घाला. तो तुकडा यासाठीच घेतलेला असतो. हवा थोडी कमी भरा.
• ठिगळे संपली तर ट्यूब भोकाच्या जागी दुमडून घट्ट गाठ मारा आणि हवा भरा. चाक उड्या मारेल, पण चालेल.
• ट्यूब पार गेली तर टायरमध्ये गवत दाबून भरा आणि सावकाश जा.
• स्पोक तुटला तर तो शेजारच्या स्पोकला गुंडाळा आणि ब्रेक घासत असेल तर थोडा सैल करा. उतारावर उतरून चाला.
• नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून हलकेच बोट फिरवा. काटा आतच राहिला असेल तर नवी ट्यूबही फुटेल.

एक उपाय मात्र कधीच करू नये. ब्रेक धड नसताना ‘हळू चालवू’ म्हणून घाट उतरू नये. अशा वेळी बस किंवा गाडीने पुढचे गाव गाठावे. सहल पुन्हा करता येते.

९. सराव इथेच करा

हे सगळे वाचून येत नाही. मे महिन्याच्या आधी एखाद्या रविवारी घरच्या मोठ्यांबरोबर उज्जैनला सायकलने जा. अंतर सुमारे ५५ किलोमीटर आहे. वर सांगितलेले सगळे सामान बरोबर घ्या आणि वाटेत एकदा, पंक्चर नसतानाही, मागचे चाक काढून पुन्हा बसवा. घरी दहा मिनिटांत जमणारे काम उन्हात, रस्त्याच्या कडेला, हात काळे असताना किती वेळ घेते ते कळेल. कोणता पाना बसत नाही, कोणती वस्तू पिशवीच्या तळाशी गेली, हेही कळेल. ते इंदूरजवळ कळलेले बरे.

आणि आपल्या गल्लीतल्या सायकलवाल्या भैयाकडे एक दुपार बसा. त्याला विचारा, पाहा, हात लावू देतो का ते बघा. गाड्या वाढल्या तशी सायकलची साधी दुकाने कमी होत चालली आहेत. त्याच्या बोटांत जे ज्ञान आहे ते पुस्तकात फारसे लिहिलेले नाही. ते परदेशात तुमच्या उपयोगी पडेल आणि कोणी शिकायला आले याचा त्यालाही आनंद होईल.

स्वाध्याय

१. आपल्या घरातल्या प्रत्येक सायकलीचे ओळखपत्र तयार करा.
२. टायरवर ‘३७-६२२’ लिहिले आहे. हवा भरलेल्या चाकाचा बाहेरचा व्यास किती? (टायरची रुंदी दोन्ही बाजूंना मिळवा.) मग परीघ काढा. एक किलोमीटर जायला चाकाचे साधारण किती फेरे होतील? चाकाला खडूची खूण करून प्रत्यक्ष मोजून पाहा.
३. ५० पाउंड दाब म्हणजे किती बार?
४. फूटपट्टीने आपल्या सायकलीची चेन तपासा आणि निष्कर्ष लिहा.
५. ‘२६ × १½’ आणि ‘२६ × १.५०’ हे टायर एकमेकांच्या जागी का बसत नाहीत, ते आकृती काढून आजी-आजोबांना समजावून सांगा. त्यांना समजले तर तुम्हालाही समजले.

सायकलींची ओळखपत्रे वर्गशिक्षकांकडे आणून द्यावीत. चांगली कार्डे आम्ही शाळेच्या फलकावर लावू.